डावीकडचे झाकण

आमच्या वहिनी दिवसा इस्पितळात एक्स-रे काढत आणि संध्याकाळी घरी जळालेले रणगाडे ओळखत. नव्या माणसाला हे सांगितले की तो हातातला कप बशीत ठेवून विचारतो, “काय ओळखत?” म्हणून आधीच नीट सांगतो. युद्धात फुटलेले, उलटलेले, पेटून काळे पडलेले रणगाडे. तेही प्रत्यक्ष नव्हेत, जुन्या फोटोंतले. अशा फोटोंच्या मागे बहुधा काही लिहिलेले नसते. समोर लोखंडाचा ढीग आणि शेजारी कोणी तरी शिपाई कमरेवर हात ठेवून उभा. हा रणगाडा कोणत्या जातीचा, कुठल्या पलटणीचा, आत किती माणसे बसत असतील, हे वहिनी त्या ढिगाकडे पाहून सांगत.

त्यांची एक पद्धत होती. रंग आणि आकडे त्या आधी बघतच नसत, कारण आगीत सगळ्यात अगोदर तेच जातात. पहिल्यांदा चाके. चाके किती आहेत, त्यांच्यामधली फट सारखी आहे की एखाद्या ठिकाणी जास्त. मग तोफेची नळी. तिला फुगवटा आहे का, आणि असला तर टोकाला की मध्ये. मग वरचा फिरता घुमट कुठे तोंड करून थांबला आहे ते. आणि सगळ्यात शेवटी झाकणे. माणसे आत-बाहेर करतात ती लोखंडी झाकणे उघडी आहेत की बंद, हे पाहायची वेळ आली की वहिनी बोलायच्या थांबत.

“उघडं म्हणजे कोणी तरी घाई केली,” त्या म्हणत. “बंद म्हणजे घाई करायलाही मिळाली नाही.”

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, त्यांची थट्टा करायचा. “माझी नवी चप्पल हिला ओळखता येत नाही, पण परमुलखातल्या रणगाड्याचं चाक बरोबर ओळखते.”

वहिनी भिंगावरून मान वर न करता म्हणत, “तुम्ही पेटा एकदा. तुम्हालाही ओळखीन.”

हा नाद हौसेने लागलेला नव्हता. वहिनींचा धाकटा भाऊ सैन्यात होता आणि रणगाडा चालवायचा. गोरा, किडकिडीत, सतत काही तरी चघळणारा पोरगा. सुटीवर आला की दादाच्या स्कूटरवर बसून गावभर फिरायचा आणि टाकी रिकामी करून आणून लावायचा. त्याचा एक फोटो वहिनींच्या टेबलाच्या काचेखाली होता. रणगाड्याच्या नाकाडावर पाय सोडून बसला आहे, टोपी मागे सरकवलेली, हसतो आहे. नाकाडावर जास्तीचे संरक्षण म्हणून, चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्याच्या सुट्या कड्या एका ओळीत डकवलेल्या होत्या आणि त्यांतली मधोमधची कडी उलटी होती. त्याच्या दोन बुटांच्या मध्ये ती स्पष्ट दिसायची.

“वेल्डिंग करणारा माझ्याशी गप्पा मारत होता, त्या नादात एक उलटी बसली,” असे त्याने सांगितले होते. “आता सगळी पलटण आमच्या गाडीला उलटी गाडी म्हणते.”

त्याचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा युद्ध लागले. उलटी गाडी एका कालव्याच्या बांधापाशी पेटली एवढे कळले. युद्धबंदी झाली तेव्हा ती जमीन पलीकडच्यांकडे गेली. पाच माणसांपैकी तिघांचे देह अदलाबदलीत परत आले. दोघांचे आले नाहीत; आगीत आत काही उरले होते का, तेही कोणी कळवले नाही. एक वहिनींचा भाऊ आणि दुसरा त्याच्या शेजारी पुढे बसणारा वायरलेसवाला. दोघांच्याही घरी एकच शब्द आला: बेपत्ता.

त्या जातीच्या रणगाड्यात पुढे दोन झाकणे असतात. डावे चालकाचे, उजवे शेजारच्याचे. आणि त्या रणगाड्याला एक वाईट खोड होती. तोफ जरा बाजूला वळलेली असली की तिची नळी या दोनांपैकी एका झाकणावर आडवी येई, आणि मग ते झाकण आतून कितीही ढकलले तरी वर होत नसे. घुमटातली माणसे तोफ सरळ करायच्या आत मेली किंवा उडी मारून गेली की खालचा एक जण अडकला. हे वहिनींना पुष्कळ नंतर कळले, पुस्तके मागवून, लोकांना विचारून. कळल्यापासून त्या उलट्या कडीचा रणगाडा शोधत होत्या. पलीकडच्या शिपायांनी काढलेले, परदेशी वार्ताहरांनी काढलेले, जुन्या बाजारात विकायला येणारे फोटो त्या मिळवत. त्या ओघात इतरांचे रणगाडे ओळखायची सवय लागली. कुठून कुठून लोक फोटो पाठवायचे, हा आमच्या आजोबांचा का म्हणून. बहुतेकांना वहिनी नाही असे उत्तर देत, आणि ते देताना त्यांना बरे वाटत नसे.

वहिनींची भावजय टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दादाने तिचे नाव हॅलोबाई ठेवले होते. सासू असेपर्यंत ती सासूजवळ राहिली आणि सासू गेल्यावर त्याच दोन खोल्यांत एकटी. बस डेपोच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीला लावलेला पडदा, एक लोखंडी कपाट, भिंतीशी शिवणाचे मशीन, ज्यावर ती शिवत नसे, इस्त्रीचे कपडे ठेवत असे. मोठ्या शहरातल्या मुख्यालयात बढती देऊन तिला दोनदा बोलावले. ती गेली नाही. साहेबाने कारण विचारले तेव्हा म्हणाली, “माझ्या मिस्टरांना हाच पत्ता माहीत आहे.” साहेब पुढे काय बोलणार?

वहिनींना भिंगे लागत, आणि ती चौकातल्या चष्म्याच्या दुकानातून येत. चष्मेवाले विधुर होते. मूलबाळ नव्हते. हळू बोलणारे, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आधी बसवणारे. त्यांनी वहिनींसाठी एक जाड भिंग मुद्दाम घासून दिले, त्याला लाकडी चौकट केली, आणि मग ते भिंग ठीक चालते आहे ना हे पाहायला येऊ लागले. भावजय दर रविवारी आमच्याकडे असायची. भिंगही दर रविवारीच बिघडायला लागले. दादाने पहिल्याच महिन्यात ओळखले.

“काच तीच, चौकट तीच,” दादा म्हणाला. “बघायचं मात्र काही तरी वेगळंच आहे.”

शेवटी एका रविवारी चष्मेवाले वहिनींना म्हणाले, “ताई, मी विधुर आहे हे तुम्हाला माहीत आहे.”

“तुमचं चष्म्याचं दुकान आहे हेही माहीत आहे. पुढे बोला.”

“बेपत्ता म्हणजे... किती वर्षं बेपत्ता धरायचं?”

वहिनींनी भिंग चौकटीसकट पुसून ठेवले. मग म्हणाल्या, “ते मला विचारू नका. तिला विचारा.”

त्यांनी तिला विचारले. तिने लगेच नाही म्हटले नाही, आणि लगेच हो पण म्हटले नाही. ती वहिनींकडे आली. मी तेव्हा तिथेच होतो, वीजबिल भरायला दादाकडून पैसे घ्यायचे होते म्हणून. ती दाराशीच उभी राहून बोलली, पर्स खांद्यावरून न काढता.

“वन्सं, मला एवढंच सांगा. तो बाहेर पडला होता की नाही? इतकी वर्षं तुम्ही बघताय. आत राहिला म्हणालात तर मी यांना हो म्हणते. बाहेर पडला म्हणालात तर थांबते.”

“आणि मला काहीच सापडलं नाही तर?”

“तर यांना थांबायला सांगते. थोडे दिवस.” मग जरा हसून म्हणाली, “सगळ्यांनाच थांबवून ठेवलंय त्याने.”

म्हणजे प्रश्न एका झाकणाचा होता. ती विधवा होती की सवाष्ण, हे ते झाकण ठरवणार होते, आणि ते झाकण पाहणारे डोळे वहिनींचे होते.

फोटो त्यानंतर काही महिन्यांनी आला. परदेशातल्या एका बंद पडलेल्या वर्तमानपत्राच्या कचेरीतले गठ्ठे विकायला निघाले होते. वहिनींच्या ओळखीच्या एका संग्राहकाने त्यांतला एक मोठा प्रिंट पाठवला. कालव्याचा बांध, समोरून घेतलेला रणगाडा, पुढे पलीकडचा एक शिपाई. रणगाड्याच्या नाकाडावर कड्यांची ओळ आणि मधोमधची कडी उलटी.

तो रविवार होता. भावजय होती, चष्मेवाले होते, दादा होता, मी होतो. वहिनींनी जेवणाचे टेबल रिकामे करून पुसले, कोरडे केले, आणि प्रिंट मधोमध ठेवला. दिवा जवळ ओढला. भावजय खुर्चीत बसली होती आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, लहान मुली धरतात तसे.

“आपण समोरून बघतोय,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज इस्पितळातला होता. “म्हणजे आपल्या उजव्या हाताला त्याची डावी बाजू. छातीच्या एक्स-रेसारखं. चालक डावीकडे. हे बघ. डावं झाकण पूर्ण उघडं आहे, मागे पडलंय. तोफ वळलीय ती उजव्यावर. उजवं बंद आहे.”

“म्हणजे?” भावजयीने विचारले.

“म्हणजे तो सुटला.”

भावजय रडली नाही. तिने मांडीखालून हात काढले आणि टेबलाच्या कडेवर ठेवले. चष्मेवाले तिच्याकडे न बघता फोटोवर वाकले. आपलेच घासलेले भिंग हातात घेऊन त्यांनी शिपायावर धरले.

“ताई, एक विचारू? या शिपायाचं घड्याळ उजव्या हातात आहे.”

“मग?”

“नाही, लोक साधारण डाव्या—”

“तुमचा एक डोळा दुसऱ्याहून बारीक आहे,” वहिनी म्हणाल्या. “मी कधी विचारलं?”

दादा मोठ्याने हसला. मलाही हसू आले. चष्मेवालेही हसले, पण त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांनी भिंग हळूच खाली ठेवले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढे कधी तरी दुकानात बसलो असताना मी विचारले, तेव्हा म्हणाले, “मला शंका अशी नव्हती हो. नुसतं दिसलं म्हणून बोललो. पण आणखी विचारायचं म्हणजे त्या माणसाला मारायलाच निघाल्यासारखं झालं असतं. आणि ते मी? माझ्या तोंडून कसं दिसलं असतं?”

दुसरा कोणी असता तर वाद घालू शकला असता. ज्याचा त्यात स्वार्थ होता त्याला सभ्यपणाने गप्प बसावे लागले.

भावजयीने त्याच आठवड्यात त्यांना नाही सांगितले. दुकानात जाऊन, उभ्या उभ्या. काय बोलली ते तिने कधी सांगितले नाही. वायरलेसवाल्याच्या घरीही वहिनींनी कळवले, कारण फोटो त्यांचाही होता. त्याचे वडील दुसऱ्या गावी होते. म्हातारा फोनवर म्हणाला, “चला. निदान कळलं तरी.” त्यांनी मुलाची पेटी उघडली, कपडे वाटून टाकले आणि वाट बघणे बंद केले. एका उघड्या झाकणाने दोन घरांची वाटणी केली, एकाला आशा दिली आणि दुसऱ्याला सुटका. त्या वेळी सगळ्यांना वाटले की आशावाले घर नशीबवान.

चष्मेवाल्यांनी दोन-तीन वर्षे वाट पाहिली असावी. मग त्यांनी एका शाळेतल्या कारकून बाईंशी लग्न केले. चांगल्या बाई. संध्याकाळी शाळा सुटली की दुकानात येऊन गल्ल्यावर बसत आणि गिऱ्हाइकांना आरसा धरत. एक्स्चेंजला जायचा भावजयीचा रस्ता त्या दुकानावरून होता. तिने रस्ता बदलला नाही. चाळिशी लागल्यावर तिला चष्मा लागला, तो मात्र तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन करून घेतला. त्याचा नंबर नीट लागलाच नाही. वाचताना ती तो चष्मा नाकावर पुढे-मागे करत राही.

एक्स्चेंज आपोआप चालणारे झाले, ऑपरेटर नकोसे झाले, तेव्हा तिला तक्रारींच्या खिडकीवर बसवले. हॅलोबाई हे नाव तेवढे राहिले. आम्ही विचारायचो, “काही कळलं का?” हा प्रश्न आमच्याकडे, पाऊस येईल का, अशा सुरात विचारला जाई. ती म्हणे, “अजून नाही.” अजून. त्या शब्दावर तिची बरीचशी नोकरी संपली.

मग निगेटिव्ह आली.

तो वार्ताहर-छायाचित्रकार कधीच वारला होता. त्याच्या नातवंडांनी सगळ्या फिल्मच्या पट्ट्या जशाच्या तशा इंटरनेटवर ठेवल्या. वहिनींना कोणी तरी दुवा पाठवला. वहिनींनी पट्टी उघडली. कालव्याचा बांध, रणगाडा, शिपाई. पुढच्या चौकटीत तोच शिपाई एका दुकानाच्या पाटीखाली उभा होता. पाटीवरची अक्षरे सरळ होती, आणि घड्याळ डाव्या हातात होते.

त्या वेळी मी त्यांच्या खोलीत होतो. कॉम्प्युटरला काही झाले की मला बोलावत, तसे त्या दिवशी बोलावले होते. पण कॉम्प्युटरला काही झाले नव्हते. वहिनींनी कपाटातून तो जुना प्रिंट काढला, खिडकीशी गेल्या आणि काचेवर पाठमोरा लावला. कागदातून उजेड आला आणि चित्र मागून दिसले. झाकण बाजू बदलून गेले. मागून पाहिलेला फोटो पडद्यावरच्या फोटोशी तंतोतंत जुळत होता.

कचेरीत कोणी तरी निगेटिव्ह उलटी घालून प्रिंट काढला होता. घाईच्या कामात होते असे. डावे-उजवे पटकन कळावे अशा खुणा रणगाड्याच्या मागच्या अंगाला असतात, आणि फोटो समोरून होता. पुढचे दिवे तुटलेले, आकडे जळलेले, आणि उलटी कडी नेमकी मधोमध. ती उलट्या फोटोतही मध्येच राहिली. एक घड्याळ तेवढे चुकले होते.

आणि हे पाहिले कोणी नाही? तर ज्या बाईने उभी नोकरी फिल्मवर उजव्या-डाव्याचे शिशाचे अक्षर ठेवण्यात घालवली तिने. नवीन शिकाऊ मुलाने छातीची फिल्म उलटी टांगली की वहिनी म्हणत, “पेशंटचं हृदय इकडे यायला निघालं का?” फिल्म हातात आली की आधी बाजू, मग रोग, हे त्यांनी कितीतरी जणांना शिकवले होते. स्वतःच्या भावाच्या वेळी त्यांनी आधी झाकण बघितले.

“तोफ त्याच्या डोक्यावर होती,” वहिनी म्हणाल्या. “तो ढकलत असेल.”

मी काचेवरचा कागद खाली उतरवला.

त्यांनी आधी दुसऱ्या घरी फोन केला. ते सोपे वाटले असावे. म्हातारा केव्हाच वारला होता. वायरलेसवाल्याच्या भावाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे आमचा बाहेर पडला होता?”

“हो.”

“मग आला कुठे?”

वहिनींनी शक्यता सांगितल्या. बांधापाशी उडी मारलेला माणूस दहा पावलांवर पडला असेल, कालव्यात गेला असेल. तो भाऊ म्हणाला, “बाई, तुम्ही एकदा मेला म्हणालात, आम्ही तो मेला धरला. वडील त्यावर शांत गेले. आता पुन्हा तो फोटो आमच्याकडे नको.” फोन ठेवण्याचा आवाज मलाही ऐकू आला.

भावजयीकडे जायला वहिनींना महिना लागला. रोज उद्यावर ढकलत. शेवटी मी त्यांना गाडीने नेले, कारण तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांचे गुडघे त्यांना एकटे नेत नव्हते. भावजयीने दार उघडले, आम्हाला बसवले आणि चहा ठेवू लागली. वहिनी म्हणाल्या, “चहा नको. आधी बस.”

वहिनींनी दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले आणि सगळे सांगितले. त्यांनी काही लपवले नाही, स्वतःला सावरूनही घेतले नाही. भावजय चष्मा पुढे-मागे करत बघत होती.

“म्हणजे त्याचं झाकण बंद होतं.”

“हो.”

“आणि तोफ वर.”

“हो.”

“म्हणजे तो पहिल्या दिवसापासूनच...” तिने कागद सरळ करून एकावर एक ठेवले. “तुम्हाला कधी कळलं?”

“महिना झाला.”

“महिना.” ती मान हलवत राहिली. “घड्याळाचं त्यांनी विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही त्यांच्या डोळ्यावर गेलात. सगळे हसलात.”

मी जमिनीकडे बघत होतो.

“मला खरंच तसं दिसलं गं,” वहिनी म्हणाल्या. “मी खोटं बोलले नाही.”

“माहीत आहे मला. खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.” तिचा आवाज चढला नाही; तक्रारींच्या खिडकीवर बसून तिला ती सवयच लागली होती. “तुम्हाला भाऊ जिवंत हवा होता, वन्सं. कोणालाही हवा असतो. पण त्याला जिवंत ठेवायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. मी ठेवला. बढत्या सोडल्या, घर सोडलं नाही, कोणाच्या घरी राहायला गेले नाही. मेलेल्या माणसाची इतकी बडदास्त कोणी ठेवली नसेल.”

वहिनी रडू लागल्या. भावजय उठली, त्यांना पाणी आणून दिले आणि पुन्हा समोर बसली. जवळ बसली नाही.

थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, “मी पलटणीच्या कचेरीला कळवते. बेपत्ताचं मृत करतील. नाव स्मारकावर येईल. आणि त्या दुकानात जाऊन त्यांची माफी मागते. हात जोडून मागते.”

“नाही.”

“अगं, पण—”

“काय सांगणार तुम्ही त्यांना? बायको शेजारी गल्ल्यावर बसलेली असते. तिच्यासमोर सांगणार, की चूक झाली, नाही तर इथे दुसरी बसली असती? की ती आरसा पुसायला आत गेल्यावर हळूच सांगणार?” तिने दोन्ही कागद पालथे केले. “तुमचं मन हलकं होईल. त्यांचं जड होईल. तिचं तर घरच जड होईल. तिने काय केलंय?”

“मग मी काय करू?”

“काही नाही. कचेरीलाही कळवू नका. वर्तमानपत्रात येतं, लोक बोलतात, दुकानापर्यंत जातं. माझे मिस्टर बेपत्ता आहेत ते बेपत्ताच राहू देत. मला काय, सवय आहे.” तिने दोन्ही कागद वहिनींच्या पिशवीत घातले. “आणि रविवारी आता मी येणार नाही. राग म्हणून नाही. तुमच्या टेबलाशी बसवणार नाही मला.”

दारापर्यंत ती आली. जिन्यात दिवा नव्हता, म्हणून तिने आमच्यासाठी दार उघडे ठेवले आणि आम्ही खाली पोहोचेपर्यंत उजेडात उभी राहिली. वर बघून वहिनींनी हात केला. तिने दार लावले.

त्यानंतर भावजय आमच्याकडे आली नाही. वहिनींनी फोटो बघणे बंद केले. लोकांचे पाठवलेले कागद न उघडता परत जाऊ लागले. दादाने थट्टा करून पाहिली, एकदाच. वहिनींनी उत्तर दिले नाही आणि त्यानेही मग पुन्हा केली नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना बँकेत न्यायचे होते. परतताना चौकात गाडी लावायला जागा होती ती नेमकी त्या दुकानासमोर. चष्मेवाले बाहेर फळी पुसत उभे होते. आता बरेच थकले आहेत, पण माणूस ओळखला की चेहरा तसाच उजळतो.

“ताई! किती दिवसांनी. आत या, बसा. अगं, खुर्ची दे गं.”

आतून त्यांच्या बायकोने खुर्ची पुढे सरकवली. वहिनी उभ्याच राहिल्या.

“भिंग चाललंय ना अजून?”

“चाललंय.”

“तुमचे भाऊ...” त्यांनी आवाज खाली आणला. ते दर भेटीत विचारतात. त्या माणसापायी आपले काय गेले हे मनात न ठेवता विचारतात. “काही कळलं का?”

वहिनींनी एकदा आत, खुर्चीला हात लावून उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिले.

“नाही,” त्या म्हणाल्या. “काही नाही.”

“कळेल,” चष्मेवाले म्हणाले. “मी नेहमी हिला सांगतो. आशा सोडायची नाही. डावीकडचं झाकण उघडं होतं ना. मी स्वतः पाहिलंय, तुमच्या टेबलावर.”